वेळूतला चापडा दिवसभर बसून करतो तरी काय

पाऊस लागला की माझ्या फोनवर एक फोटो ठरलेला असतो. कोणीतरी शेताच्या धुऱ्यावरून नाहीतर चिखलदऱ्याच्या घाटात गाडी थांबवून काढलेला, फांदीवर हिरवा साप, आणि खाली लिहिलेलं की भौ हा कोणता साप हाय, जहरी हाय का, मारू का सोडू. बहुतेक वेळा तो हरणटोळ निघतो. पण कधीमधी, खास करून फोटो मेळघाटातल्या सेमाडोह, हरिसाल, धारणी तिकडचा असला तर, डोकं मोठं त्रिकोणी, मान बारीक, अंग आखूड नि भरलेलं, आणि फांदीला शेपटीची गाठ मारून एकदम गप्प बसलेला असा साप दिसतो, आणि तो मात्र खरोखर विषारी असतो. मराठीत याला चापडा म्हणतात, सर्पमित्र मंडळी सरळ बांबू पिट व्हायपर म्हणतात, आणि गावात विचाराल तर नुसता हिरवा साप.

आधी ओळखीचं बोलून घेऊ कारण गोंधळ सगळा तिथेच होतो. हरणटोळ लांबलचक आणि वेताच्या काडीएवढा बारीक असतो, तोंड पुढे टोकदार, डोळ्यातली बाहुली आडवी, आणि तो दिवसाचा प्राणी आहे, उन्हात सरडे शोधत फिरतो. तो निमविषारी, माणसाला त्याचा धोका नाही, तरी कपाळावर झेप घेतो अशी समजूत आहे म्हणून बिचाऱ्याला काठ्या खाव्या लागतात. दुसरा गवत्या, तोही हिरवा पण जमिनीवर गवतात राहणारा, बिनविषारी, स्वभावाने इतका गरीब की हातात घेतला तरी बहुतेक वेळा चावत नाही (तरी घेऊ नका बाप्पा). तिसरा आपला चापडा. लांबी दोन-अडीच फूट, पोटाकडे पिवळट किंवा फिकट पांढरा, बऱ्याच सापांच्या पाठीवर गडद डाग, बाहुली मांजरीची असते तशी उभी, आणि डोक्यावर मोठ्या तकटांऐवजी बारीक बारीक खवले. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक खड्डा असतो, ती याची पक्की खूण, पण ती बघायला तोंड जवळ न्यायचं काम नाही, फोटो झूम करा.

शास्त्रात याची नोंद फार जुनी आहे. पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीसाठी विशाखापट्टणमकडे काम करत होता, त्याने तिथल्या सापांची चित्रं आणि वर्णनं १७९६ साली छापली, त्यात हा साप होता. पुढे १८०२ मध्ये जॉर्ज शॉने त्याला शास्त्रीय नाव दिलं. ज्याला आपण परड म्हणतो, म्हणजे पुस्तकातली घोणस, ती इंग्रजीत याच रसेलच्या नावाने ओळखली जाते. चापड्याचं नाव मात्र नंतर बदलत राहिलं, बरीच वर्षं तो ट्रायमेरेसुरस गटात होता, २०२१ मध्ये डीएनए तपासून भारतीय द्वीपकल्पातल्या या सापांना वेगळं काढलं आणि आता तो क्रास्पेडोसेफॅलस ग्रामिनियस आहे. जुन्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका, साप तोच.

आता मुद्द्यावर येतो. या सापाचं सगळं शरीर, रंग, शेपटी, दात, तो खड्डा, एवढंच काय तर पिल्लं देण्याची पद्धत, हे सगळं एकाच गोष्टीला धरून समजतं, ती म्हणजे हा बसून खाणारा साप आहे. धामण बघा, दिवसभर उंदरामागे पळते, बिळं धुंडाळते, पाटावरून इकडून तिकडे जाते. चापडा एक जागा निवडतो आणि बसतो. भक्ष्य येईल तेव्हा येईल. आज नाही आलं तर उद्या.

आळशीपणा वाटतो, पण हिशेब बघा. सापाला थंड रक्ताचा म्हणतात, त्याचा खरा अर्थ असा की तो अंग गरम ठेवायला खाल्लेलं अन्न जाळत बसत नाही, उष्णता बाहेरून घेतो. त्यामुळे त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढं अन्न लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात सापाचं भागतं. त्यात परत हा हलतही नाही, म्हणजे खर्च अजून कमी. एक उंदीर किंवा दोन-चार बेडूक मिळाले की त्याचे कितीतरी दिवस निघतात. पळणाऱ्या सापाला वरचेवर कमवावं लागतं, याला नाही. पण बसून कमवायचं तर दोन गोष्टी जमायलाच हव्यात. एक, कोणाला दिसायचं नाही. दोन, समोर आलेलं सावज एका फटक्यात पकडायचं, कारण मागे पळून धरणं याच्या नशिबात नाही.

दिसायचं नाही, याचं काम रंग करतो. सापाच्या कातडीत हिरवा रंग तसा नसतोच. वरच्या थरात पिवळा रंग असतो, त्याच्या खालच्या पेशींमध्ये अगदी बारीक स्फटिक असतात ते निळा प्रकाश परत फेकतात, आणि निळा पिवळ्यातून बाहेर पडला की आपल्याला हिरवा दिसतो. कॉलेजात झूलॉजी घेतलेल्यांनी लॅबच्या कपाटात बरणीतला निळसर साप पाहिला असेल, तो कित्येकदा मुळात हिरवाच असतो, अल्कोहोलमध्ये पिवळा रंग विरघळून जातो आणि मागे निळा उरतो. आमच्या लॅबमध्ये तर लेबल होतं हिरव्या सापाचं आणि आत साप निळा, सरांना विचारलं तर म्हणाले लेबल चुकलं असेल, आणि आम्ही पोरं बरीच वर्षं तेच धरून बसलो.

आता कोणी म्हणेल, मेळघाट काय बारमाही हिरवा आहे का. नाही. फेब्रुवारी-मार्चपासून साग उघडा पडतो, वेळूची पानं वाळतात, एप्रिलमध्ये जंगलात पाय ठेवला तर करकर आवाज. म्हणूनच चापडा सगळीकडे पसरलेला नाही, तो नाल्याकाठी, ओलाव्याला, जिथे वेळूच्या रांजी, म्हणजे बेटं, दाट आहेत आणि झाडोरा जरा टिकून आहे तिथे सापडतो. सिपना, खापरा, गडगा या नद्यांना मिळणारे नाले आठवा, तसली जागा. उन्हाळ्यात दिसणं कमी होतं, ढोलीत, मुळांच्या सांदीत, रांजीच्या पोटात दडून राहतो, पावसाचा पहिला सडाका बसला, बेडूक ओरडायला लागले की वर येतो. आणि सगळे चापडे पोपटी नसतात, काही पिवळट, काही तपकिरी झाक असलेले असतात, त्यामुळे हिरवा नाही म्हणजे चापडा नाही असं धरून चालू नका.

शेपटीचं काम तर बघत राहावं असं. ती पकडीची शेपटी आहे, फांदीला एक-दोन वळसे घालून टोक आवळून घेते, आणि मग पुढचं अंग मोकळं राहतं. वाऱ्याने फांदी हलली तरी हा सुटत नाही. झाडावर राहणाऱ्या सापांना अजून एक अडचण असते जी जमिनीवरच्यांना नाही, उभ्या खोडावर डोकं वर करून चढताना रक्त शेपटीकडे साचू शकतं. म्हणून झाडावरच्या सापांचं हृदय जमिनीवरच्या सापांपेक्षा डोक्याच्या जास्त जवळ असतं आणि अंगाची कातडी घट्ट असते. वजनाचाही प्रश्न असतो. जमिनीवरचे काही जाडजूड व्हायपर, म्हणजे परड नि चापड्याच्या कुळातले साप, महिनोन् महिने शी करत नाहीत, पोटात तसंच ठेवतात, आफ्रिकेतल्या गबून व्हायपरची तर ४२० दिवसांची नोंद आहे, शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की ते वजन मागच्या अंगाला बूड म्हणून कामी येतं. झाडावरच्या सडपातळ सापांना हे परवडत नाही, ते लवकर मोकळे होतात. हे मोजत बसणारे लोकही धन्यच म्हणायचे.

आता त्या खड्ड्याकडे येऊ, कारण चापड्याची खरी कमाल तिथे आहे. पिट व्हायपरमधला पिट म्हणजे तोच. नुसतं भोक नाही ते. आत एक पडदा आहे, साधारण १५ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्याही चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा, आणि तो डफड्याच्या कातड्यासारखा ताणून बसवलेला, समोर हवा आणि मागेही हवेची पोकळी. मागे पोकळी का, तर पडद्यावर पडलेली उष्णता मागच्या मांसात निघून जाऊ नये. पातळ चीज पटकन तापते आणि पटकन निवते, म्हणून समोर गरम अंगाचा उंदीर आला की पडद्याचा तेवढा भाग लगेच किंचित तापतो, आणि पडद्यात पसरलेल्या मज्जातंतूंना ते कळतं. किती किंचित? एका डिग्रीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी फरक त्यांना कळतो असं प्रयोगातून दिसलंय. पडद्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळंही आहे, ते पडद्याला परत मूळ तापमानावर आणतं, नाहीतर उंदीर निघून गेला तरी तो तिथेच आहे असं सापाला वाटत राहिलं असतं.

या तंतूंमध्ये उष्णता ओळखणारं जे प्रथिन आहे त्याचा शोध २०१० मध्ये लागला, डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतलं काम, पुढे २०२१ मध्ये ज्यांना नोबेल मिळालं त्यांच्यापैकी ते एक. तो अभ्यास अमेरिकेतल्या रॅटलस्नेकवर केला होता, पण तो आपल्या चापड्याच्याच उपकुळातला, खड्डा तोच. त्या प्रथिनाचं नाव टीआरपीए१. गंमत म्हणजे हेच प्रथिन आपल्यातही आहे, फक्त आपल्यात ते मोहरीच्या झणक्याला ओळखतं, ताजी वाटलेली मोहरी लोणच्यात घातली की नाकात जे चढतं ना, ते. (सावजीच्या रश्श्याची आग वेगळी, तिला दुसरं प्रथिन आहे, आणि ते शोधण्यातही ज्युलियसच होते, १९९७ मध्ये.) सापात त्याच प्रथिनाला उष्णता कळायला लागली आणि एक आख्खं वेगळं इंद्रिय तयार झालं.

आणि हे इंद्रिय नुसतं "गरम, गरम" असं सांगत नाही. दोन बाजूंना दोन खड्डे, त्यामुळे उष्णता डावीकडून जास्त की उजवीकडून हे कळतं. खड्ड्याकडून आलेली माहिती मेंदूच्या ज्या भागात जाते तिथेच डोळ्यांकडूनही माहिती येते, आणि दोन्ही एकमेकांवर बसतात. म्हणजे अमावस्येच्या रात्री, जिथे आपल्याला स्वतःचा हात दिसत नाही, तिथे चापड्याला फांदीवरून चालत येणारा उंदीर उष्णतेचा एक धूसर डाग म्हणून दिसतो, आणि मारायला तेवढं पुरतं. अंतर फार नाही, हातभर, फार तर मीटरभर. पण बसून खाणाऱ्याला लांबचं कशाला लागतं.

इथे आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्याचा एक पेच आहे. खड्ड्याला उष्णता नाही, उष्णतेतला फरक कळतो. उंदराचं अंग ३७-३८ डिग्रीचं. मे महिन्यात दुपारी दगड, खोड, हवा सगळंच ४२-४५ डिग्री, अशात गरम उंदीर उठून दिसणार कसा. रात्री गारवा आला, पावसाने पानं ओली झाली, की मागचं सगळं थंड होतं आणि उंदीर, पाखरू त्यावर लख्ख दिसतं. चापडा रात्रीचा आणि पावसाळ्याचा साप का, याचं एक कारण हेही समजायला हरकत नाही. शिवाय रॅटलस्नेकवरच्या प्रयोगात असंही दिसलं की हे साप खड्ड्याचा वापर करून गार जागा शोधतात, म्हणजे हे इंद्रिय शिकारीपुरतं नाही, सावलीतली सांद हुडकायलाही कामाचं आहे. बेडकाचं मात्र वेगळं, बेडूक काही गरम नसतो, तिथे डोळे, फांदीतून येणारी थरथर आणि जिभेने घेतलेला वास यावर काम चालतं.

एकदा सेमाडोहकडच्या एका नाल्याच्या काठाने वनमजूर काकाजींबरोबर रात्री चाललो होतो, पाऊस नुकताच उघडला होता. काकाजींनी टॉर्चचा उजेड एका रांजीवर धरला आणि म्हणाले, "हा पाय," म्हणजे हा बघ. मला दिसेना. पानं, पानं, पानं. मग एक पान जरा जास्तच जाड वाटलं. छातीच्या उंचीवर, आडव्या वेळूवर, अंगाच्या घड्या एकावर एक रचलेल्या, मान इंग्रजी एस काढावी तशी मागे ओढलेली, तोंड खालच्या ओल्या काठाकडे. अंगावर थेंब जमले होते, हलला तर घरंगळतील असे, आणि एकही घरंगळत नव्हता. काकाजी म्हणाले, "हा कालई अठीच होता, परवाई अठीच. मी रोज पायतो याले, हा मले पायते का नाई माईत नाई." पाहत असणार काकाजी, तुम्ही ३७ डिग्रीचे दोन पायांवर चालणारे ठिपके, पण गिळता येणार नाही एवढे मोठे. ते थेंबही नुसते शोभेचे नसतात बरं का, व्हायपर कुळातल्या काही सापांना स्वतःच्याच अंगावर साचलेलं पावसाचं पाणी पिताना पाहिलं गेलंय, पाण्यासाठी खाली उतरायची गरजच नाही.

ती मागे ओढलेली मान म्हणजे ताणलेली तयारी. सावज टप्प्यात आलं की पापणी लवायच्या आत डोकं पुढे जातं. व्हायपरचे विषदंत लांब असतात, एवढे की तोंड मिटल्यावर मावणार नाहीत, म्हणून ते टाळूला दुमडून ठेवलेले असतात आणि तोंड उघडलं की पुढे उभे राहतात, आतून पोकळ, विष खोलवर सोडणारे. जमिनीवरचे व्हायपर बहुतेकदा उंदराला चावून सोडून देतात, उंदीर थोडं पळतो, मरतो, मग साप जिभेने माग काढत आरामात जातो. झाडावर हे चालत नाही, सोडलं तर सावज दहा फूट खाली पाचोळ्यात पडेल किंवा पाखरू उडून जाईल. म्हणून झाडावरचे व्हायपर चावून धरून ठेवतात, शेपटीने फांदी आणि तोंडाने सावज, विष चढेपर्यंत.

पिल्लांचंही तेच सूत्र. अंडी घालायची म्हटलं तर खाली उतरा, जागा शोधा. चापड्याची मादी अंडी पोटातच वाढवते आणि जिवंत पिल्लं देते. पिल्लं पहिल्या दिवसापासून विषारी, आई त्यांचं काही बघत नाही. पिल्लाचं विष मोठ्या सापापेक्षा जास्त वाईट असतं असं आपल्याकडे सांगतात, पण पिल्लाकडे विष असतंच थोडं, मोठा साप त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त सोडू शकतो. या कुळातल्या बऱ्याच सापांची पिल्लं शेपटीचं वेगळ्या रंगाचं टोक अळीवाणी वळवळवतात आणि बेडूक, सरडे खायला येतात तेव्हा त्यांनाच खातात. म्हणजे बसून खाण्याचं शिक्षण लहानपणापासून.

ही युक्ती एवढी चांगली की जगात ती वेगवेगळ्या ठिकाणी आपापली उगवलीय. मध्य अमेरिकेत पापणीवर खवल्याची झालर असलेला आयलॅश व्हायपर आहे, तो चापड्याचा लांबचा नातेवाईक, कारण पिट व्हायपर मुळात आशियातले आणि फार पूर्वी समुद्र खाली असताना सायबेरियाकडून जमिनीच्या पट्ट्याने अमेरिकेत गेले. आणि आफ्रिकेत अॅथेरिस नावाचे झाडावरचे व्हायपर आहेत, त्यांच्यातही हिरवे, पकडीच्या शेपटीचे, उभ्या बाहुलीचे, पण त्यांना खड्डाच नाही, ती शाखाच वेगळी. आपल्या सह्याद्रीत मलबार पिट व्हायपर आहे, आंबोलीला फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते त्याच्यापुढे. आपल्या मेळघाटातल्या चापड्याला तेवढं कोणी विचारत नाही.

आता माणसाशी गाठ पडते ती जागा. पावसाळ्यात बाया वास्ते काढायला जातात, म्हणजे वेळूचे कोवळे कोंब, ते रांजीच्या बुडात असतात आणि काढताना हात आत घालावा लागतो. नंतर वेळूतोड, तेव्हाही एका हाताने वेळू वाकवायचा, दुसऱ्या हाताने कोयता. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की काठी आपटत चला, साप पळून जातो, आणि नाग, धामण खरंच पळतात, थरथर कळली की सरकतात. चापडा पळत नाही. त्याचं सगळं आयुष्यच हललो नाही तर दिसत नाही यावर उभं आहे, त्यामुळे तुम्ही रांज हलवली, ठोकली, आरडाओरडा केला तरी तो जागचा हलत नाही, उलट आवळून बसतो, आणि हात त्याच्यावरच पडला की चावतो. म्हणून परड चावते बहुतेक पायाला आणि हा बहुतेक बोटाला, हाताला, कधी खांद्याला किंवा तोंडालाही. काठी आपटण्यापेक्षा इथे आधी डोळ्याने बघणं कामाचं, हात घालायच्या आधी आकड्याच्या काठीने पानं बाजूला सारणं, आणि अंधार पडल्यावर रांजीत हात न घालणं.

चावलाच तर काय होतं? लगेच जोराची आग, मग सूज, ती बोटावरून मनगटाकडे, कोपराकडे चढते, कधी फोड येतात, कातडी काळी पडते, काही जणांच्या रक्ताच्या गोठण्यावरही परिणाम होतो. जीव जाण्याचं प्रमाण फार कमी आहे. पण फार कमी म्हणजे घरी बसायचं असं नाही. अंगठी, बांगड्या, काळा दोरा लगेच काढा, कारण सूज आली की ते कापून काढावं लागतं. हात हलवू देऊ नका. करकचून दोरी बांधू नका, या सापाच्या विषाने जागच्या जागीच मांस खराब होतं आणि दोरीने रक्त अडवलं की ते अजून बिघडतं, बोट जायची वेळ येते. चिरा देणं, चोखणं काही नाही. १०८ ला फोन आणि दवाखाना. साप धरून आणायच्या भानगडीत पडू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक.

दवाखान्यात एक अडचण असते ती नातेवाइकांनी समजून घ्यायला हवी, नाहीतर डॉक्टरशी भांडणं होतात. आपल्याकडे मिळणारं अँटिव्हेनम चार सापांच्या विषावर बनवलेलं आहे, नाग, मण्यार, परड आणि फुरसं, घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. चापड्याचं विष त्यात नाही. त्यामुळे चापड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि अँटिव्हेनमची स्वतःची जोरदार अॅलर्जी येऊ शकते ती वेगळीच. म्हणून साप नक्की चापडाच आहे असं ठरलं तर डॉक्टर कधीकधी ते न देता नुसतं लक्ष ठेवतात, दुखणं कमी करतात, सूज मोजत राहतात, लघवी आणि किडनी बघतात. लोकांना वाटतं इंजेक्शन लपवून ठेवलं. आणि साप कोणता हेच माहीत नसेल तर प्रश्न अजून अवघड, कारण सूज आणि रक्त न गोठणं हे परड आणि फुरशातही होतं, आणि त्यात अँटिव्हेनम वेळेवर मिळालंच पाहिजे. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयातही होणारी एक साधी टेस्ट आहे, नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता उभं ठेवायचं, मग नळी आडवी करायची. गुठळी झाली असेल तर रक्त जागेवर राहतं, नसेल झाली तर वाहतं. ना मशीन लागतं ना वीज. हे परत परत करतात, म्हणून पेशंटला लवकर सोडत नाहीत.

सर्पदंशाने भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज २०२० मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात निघाला, त्यातली बहुतेक खेड्यातली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलंय. त्या मृत्यूंमध्ये चापड्याचा वाटा नगण्य आहे, पण भूमकाकडे, म्हणजे गावातल्या झाडफूक करणाऱ्याकडे, जाण्याच्या सवयीत त्याचा हात असू शकतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समजा चापडा चावला, भूमकाने झाडफूक केली, पाला बांधला, चार-सहा दिवसांत सूज उतरली, माणूस उठला. तो तसाही उठणारच होता. धामण चावली, हरणटोळ चावला, तेही उठतात. गावात नाव भूमकाचं होतं. मग एक दिवस रात्री झोपेत मण्यार चावते, ना सूज ना दुखणं, आणि घरचे त्याच विश्वासाने त्याच दारात जातात. भूमकाला शिव्या देऊन उपयोग नाही, तो बिचारा बहुतेकदा मनापासूनच करतो. त्याला एवढंच सांगायचं की बाबा तुझं कर पण गाडीत बसून कर, गाडी दवाखान्याकडे चालू दे. मेळघाटात असं सांगून माणसं वेळेवर पोचलेली मी पाहिलीत.

चापड्याला खाणारेही आहेत, सर्पगरुड आहे, मोर आहे, मुंगूस आहे. पण त्याला खरी भीती आगीची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही पेटवतात, आणि ती आग कधीकधी हातातून सुटते. हरीण, धामण पळतात. बसणारा साप आगीपुढे किती पळणार.

राहता राहिला तो वेळूच्या मोळीतून घरापर्यंत आलेला चापडा. असं होतं, मोळी बांधताना तो आतच बसलेला असतो आणि अंगणात मोळी सोडली की दिसतो. मारू नका, वन्यजीव कायद्याने मारायला बंदी आहे आणि तशी गरजही नाही, तो तुमच्यामागे धावत नाही. सर्पमित्राला बोलवा, वनविभागाला कळवा. आणि सर्पमित्र भावांनो, तुम्हाला एक विनंती, हा साप पकडला की वीस-पंचवीस किलोमीटर लांब "चांगल्या जंगलात" नेऊन सोडू नका. अमेरिकेत रॅटलस्नेकला असं लांब नेऊन सोडून, रेडिओ लावून पाहिलंय, ते साप वेड्यासारखे भटकत राहिले आणि तिथल्या मूळच्या सापांपेक्षा जास्त मेले, कारण बसून खाणाऱ्याचं सगळं त्या ओळखीच्या जागेवर असतं, कुठे बेडूक येतात, कुठे ऊन मिळतं, कुठे लपायचं. मोळी कोणत्या नाल्याची होती ते तोडणाऱ्याला विचारा, त्याला रांज न् रांज माहीत असते, आणि त्याच नाल्यावर संध्याकाळी सोडून या.